मानवी शहाणपण आणि देवाचे ज्ञान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुधवारच्या बायबल अभ्यासात प्रेषित पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र उघडले की पहिल्या दोन अध्यायांतच गाडी अडते. तिथे पौल म्हणतो की क्रुसाचा संदेश जगाला मूर्खपणा वाटतो, पण देवाचे ज्ञान तेच आहे आणि जगाचे ज्ञान त्यापुढे मूर्खपणा ठरते. कॉलेजची मुले विचारतात, निवृत्त शिक्षक विचारतात, रात्रपाळीच्या नर्सबाई ड्यूटीवरून मेसेज टाकतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरे एके ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एका उत्तरातले दुसऱ्यात पुन्हा सांगितलेले नाही, फक्त तिकडचा क्रमांक दिला आहे.

१. मानवी ज्ञान आणि देवाचे ज्ञान यांत फरक काय? अगदी साध्या शब्दांत सांगा.

माणूस पाहून, शिकून, चुकून, विचार करून जे मिळवतो ते मानवी ज्ञान. शेतकऱ्याला पावसाचा अंदाज येतो, वकिलाला कायदा कळतो, आजीला घरातल्या कोणाशी कधी बोलावे ते कळते. हे सगळे खरे आहे, कामाचे आहे आणि देवानेच दिलेल्या बुद्धीतून आलेले आहे.

देवाचे ज्ञान म्हणजे देव या जगाकडे कसा पाहतो आणि त्याच्या तारणासाठी त्याने काय योजले आहे ते. ते आपण शोधून काढत नाही, तो दाखवतो तेव्हा कळते. पौलाच्या मते ते सर्वांत स्पष्ट दिसले ते एका ठिकाणी, क्रुसावर. आपण शंभर गोष्टी जाणतो आणि देव लाख जाणतो, एवढाच फरक असता तर पौलाला पत्र लिहायची गरज नव्हती. तो म्हणतो की मोजमापच वेगळे आहे. आपण ज्याला मोठे म्हणतो ते तिथे मोठे ठरत नाही.

२. आमच्या बायबलात कुठे "ज्ञान", कुठे "सुज्ञता", कुठे "शहाणपण" असते. नेमका शब्द कोणता?

नव्या करारातला ग्रीक शब्द "सोफिया", जुन्या करारातला इब्री शब्द "होखमा". मराठीत "ज्ञान" म्हटले की आपल्या मनात लगेच ज्ञानमार्ग, आत्मज्ञान, ज्ञानी पुरुष असे काही उभे राहते. होखमा त्याहून फार जमिनीवरचा शब्द आहे. निर्गम ३१ मध्ये देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो आणि होखमा देतो. कशासाठी? सोने, रुपे, पितळ घडवायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकूड कोरायला. स्तोत्र १०७ मध्ये वादळात खलाशांचे कसब संपते, तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे हाताला असलेली जाण हीसुद्धा होखमाच. मला व्यक्तिशः "शहाणपण" हा शब्द जवळचा वाटतो, कारण तो जगण्याला लागून आहे.

भाषेचा हा पेच पंडिता रमाबाईंना चांगला ठाऊक होता. संस्कृत जाणकार असूनही त्यांनी बायबलच्या भाषांतरात जड संस्कृत शब्द टाळायचे ठरवले, कारण ते शब्द आपल्याबरोबर जुने तत्त्वज्ञान घेऊन येतात आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना कळतही नाहीत. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या.

३. पौलाने हे कोणाला लिहिले? त्याला ज्ञानाचा एवढा राग का?

राग ज्ञानाचा नाही, भांडणाचा आहे. करिंथ हे रोमन शहर. जुने ग्रीक करिंथ रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले आणि ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये ते नव्याने वसवले. दोन बंदरांमधले शहर, पैसा खेळता, वसाहतीत आलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेले लोक पुष्कळ. घराण्याचे नाव नसलेल्या माणसाने वर कसे चढायचे? पैशाने, ओळखीने आणि वक्तृत्वाने. तिथे वक्ते म्हणजे आजच्या भाषेत सेलिब्रिटी. प्रत्येकाचा शिष्यगण, प्रत्येकाचे चाहते, चाहत्यांची आपसात जुंपलेली.

पौल तिथे दीड वर्ष राहिला. गल्लियो तेव्हा तिथला प्रांताधिकारी होता आणि डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखामुळे तो काळ इ.स. ५१च्या आसपासचा ठरतो. पुढे पौल इफिसात असताना ख्लोवेच्या घरची माणसे बातमी घेऊन आली : मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, तट पडलेत. कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, बोलण्यात पटाईत, तेव्हा त्याचे चाहते जास्त असणार. शहराची रीत मंडळीत शिरली होती. "जगाचे ज्ञान" म्हणताना पौलासमोर ही रीत आहे : उत्तम बोलणारा तो मोठा, आणि मी त्याचा म्हणून मीही मोठा.

आपल्याकडे चर्चच्या पंच कमिटीच्या निवडणुकीत काय होते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना करिंथ लांब वाटू नये.

४. क्रूस "मूर्खपणा" कसा? आम्ही तर तो गळ्यात घालतो.

कारण आपल्याला तो लाकडाचा, खिळ्यांचा, उघड्या देहाचा दिसत नाही. रोमन जगात क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. रोमन नागरिकाच्या डोळ्यांना, कानांना, विचारालाही "क्रूस" हा शब्द शिवू नये, असे रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. ६३ मध्ये एका खटल्याच्या भाषणात म्हटले होते. जेवताना कोणी तो शब्द काढला तर घास खाली ठेवावा, अशी गत. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर कोरलेले एक जुने चित्र सापडले आहे : क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, बाजूला हात उंचावलेला मुलगा, आणि खाली ग्रीकमध्ये, अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो. कोणीतरी आपल्या ओळखीच्या ख्रिस्ती पोराची केलेली टिंगल आहे ती.

तर अशा वसाहतीत पौल उभा राहून सांगतो की जगाचा निर्माता तिथे, त्या खांबावर आपले सगळे सामर्थ्य दाखवून गेला. यहुद्याला चिन्ह हवे होते, ग्रीकाला युक्तिवाद हवा होता, आणि दोघांनाही मिळाला फाशी गेलेला माणूस. पौल हा धक्का मऊ करत नाही. मला वाटते आपण तो फार मऊ केला आहे.

५. मग शिकणे वाईट का? आमच्याकडे एक जण म्हणतात, फार पुस्तके वाचली की विश्वास जातो.

नाही, आणि हे वाक्य पौलाच्या तोंडी घालणे अन्याय आहे. तो स्वतः गमलिएल या यहुदी शास्त्रगुरूच्या पायाशी शिकलेला. मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत निपुण होता (प्रेषितांची कृत्ये ७:२२), आणि दानीएल व त्याच्या मित्रांना खास्द्यांची भाषा व वाङ्मय शिकवले गेले तेव्हा ती विद्या देवानेच दिली असे दानीएल १:१७ सांगते. "तुमच्यात ज्ञानी पुष्कळ नाहीत" असे पौल म्हणतो. "पुष्कळ नाहीत" म्हणजे थोडे होते. क्रिस्प हा सभास्थानाचा अधिकारी होता, एरास्त नगराचा कारभारी. दोघेही त्याच मंडळीतले.

पौल बोट ठेवतो ते अभिमानावर. पहिल्या अध्यायाच्या शेवटी तो यिर्मया ९ मधल्या वचनाचा आधार घेतो : ज्ञान्याने ज्ञानाचा, बलवानाने बळाचा, धनवानाने धनाचा गर्व करू नये. तिन्ही एका ओळीत. धनाचा गर्व नको म्हणून कोणी पगार नाकारत नाही, मग ज्ञानाचा गर्व नको म्हणून मुलीचे कॉलेज का बंद करायचे?

रमाबाईंचेच पाहा. तीर्थयात्रांत फिरता फिरता आईने संस्कृत शिकवलेले, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिलेल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी पुढे त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्या बाईंची बुद्धी त्यांना धर्माच्या दारापर्यंत घेऊन आली आणि पुढचे पाऊल बुद्धीच्या जोरावर पडले नाही. पण म्हणून त्यांनी विद्या टाकून दिली का? उलट. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या त्या बायबलच्या भाषांतराचे काम करूनच, आणि १९२४ मध्ये ते छापून बाहेर आले. सगळी पंडिताई केडगावच्या अडाणी, टाकलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या बायकांच्या कामी लागली. पौलाला काय म्हणायचे होते ते मला पुस्तकांपेक्षा या एका आयुष्यातून जास्त कळले.

६. पौल अथेन्सात तत्त्वज्ञान सांगायला गेला आणि फसला, म्हणून करिंथात त्याने पद्धत बदलली. हे खरे का?

प्रवचनांत हे खूप ऐकू येते. मला पटत नाही. कृत्ये १७ मध्ये त्या ग्रंथाचा लेखक लूक कुठेही "फसला" म्हणत नाही. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, आणि दियोनुस्य, दामारी व आणखी काही जणांनी विश्वास ठेवला. एका भाषणाला एवढे फळ आले तर आपण त्याला उज्जीवन सभा म्हणू! शिवाय करिंथकरांना लिहिलेले हे पत्र स्वतःच उत्तम बांधलेले आहे. "मी वक्तृत्व घेऊन आलो नाही" हे सांगणारे परिच्छेद मोठ्याने वाचून पाहा, लय कळेल. त्याने भाषा टाकली नाही, भाषेवर टाळ्या घ्यायचे टाकले.

७. "कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने देवाजवळ मागावे." मुलाच्या बारावीच्या परीक्षेसाठी हे वचन चालेल ना?

दर फेब्रुवारीत हा प्रश्न येतो. मुलासाठी प्रार्थना जरूर करा, मीही करतो. पण हे वचन याकोबाच्या पत्रातले आहे (१:५), ते वाचताना तीन ओळी मागे जा. तिथे "परीक्षा" हा शब्द आहे खरा, पण तो बोर्डाच्या परीक्षेचा नाही. संकटे, छळ, गरिबी, विश्वासाची कसोटी असा त्याचा अर्थ आहे. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे घोळ होतो. संकटात कसे उभे राहावे याचे शहाणपण मागा, देव दोष न लावता देतो, असे याकोब सांगतो. न वाचलेला धडा पेपरात आठवेल असे तो सांगत नाही. आणि निकाल वाईट लागला तर मात्र हे वचन त्या मुलाच्या खरेच कामाचे आहे. त्या दिवशी ते त्याच्याबरोबर बसून वाचा.

८. "परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ." देवाला घाबरायचे का?

धाक आणि दहशत यांत फरक आहे. समुद्रावर जाणारा कोळी समुद्राला मानतो, म्हणून तो किनाऱ्यावर बसून राहत नाही, पण भरती-ओहोटी विसरूनही जात नाही. देव देव आहे आणि मी नाही, एवढे आधी मान्य करून मग विचाराला लागायचे, असा नीतिसूत्रांतल्या या वचनाचा रोख. आणि "आरंभ" म्हणजे पाया. पाया घातला की घर आपोआप उभे राहत नाही, नीतिसूत्रांचे उरलेले सगळे अध्याय त्यासाठीच आहेत.

९. आजारात डॉक्टरकडे जाणे म्हणजे मानवी ज्ञानावर भरवसा ठेवणे नाही का?

या उत्तरात मी थोडा वेळ घेणार आहे.

एकदा अभ्यास संपल्यावर एक तरुण मुलगी खुर्च्या लावायला थांबली. सगळे गेल्यावर तिने पर्समधून गोळ्यांचे पाकीट काढून टेबलावर ठेवले. मनाच्या आजारावरच्या गोळ्या. चार फोडलेल्या, बाकीच्या तशाच. कोणीतरी तिच्यासाठी प्रार्थना करून सांगितले होते की आता या घेतल्यास तर तो अविश्वास होईल. झोप नाही, हात थरथरत होते, आणि तरी तिला वाटत होते की चूक आपल्याच विश्वासाची आहे. तिने मला विचारले, "दादा, देवाचे ज्ञान मोठे की या गोळ्या?"

मी तिला २ राजे २० उघडून दिले. हिज्कीया राजा मरणाला टेकला आहे. तो रडून प्रार्थना करतो. देव यशया संदेष्ट्याला परत पाठवतो : मी तुझी प्रार्थना ऐकली, तुला बरे करतो. आणि मग यशया काय करायला सांगतो? अंजिरांचा लेप आणून गळवावर बांधा. तो त्या काळचा औषधोपचार होता. देवाचे वचन आणि अंजिरांचा लेप एकाच खोलीत, एकाच दिवशी. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. लुकाला तो प्रिय वैद्य म्हणतो. मिरजेला मिशनच्या दवाखान्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना करून शस्त्रक्रिया झाल्या, कोणाला त्यात विरोध दिसला नाही.

डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नका. तुम्हाला तसे सांगणारी व्यक्ती कितीही प्रार्थनाशील असली तरी करू नका. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आपल्या डॉक्टरांकडे गेली.

१०. "देवाने मला सांगितले" असे कोणी म्हणाले तर ते देवाचे ज्ञान की त्याचे स्वतःचे, कसे ओळखायचे?

याकोब ३:१७ हाताशी ठेवा. वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत पटणारे, दयेने भरलेले असते. "समजूत पटणारे" याकडे लक्ष द्या. जो माणूस "देव बोलला, आता प्रश्न नको" म्हणतो तो इथेच अडखळतो. त्याच अध्यायात उलटी बाजूही आहे : मत्सर आणि तट असतील तर ते ज्ञान वरचे नाही.

दुसरे, कृत्ये १५ पाहा. यरुशलेमेत प्रेषित जमले, पुष्कळ वादविवाद झाला, साक्षी झाल्या, शास्त्र उघडले गेले, आणि शेवटी पत्रात लिहिले : पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले. आत्म्याने चर्चा बंद पाडली नाही, चर्चेतून वाट दाखवली. संदेश पारखून घ्या असे १ थेस्सलनीकाकरांस ५:२१ सांगतेच. पारखणे म्हणजे अविश्वास नव्हे.

११. कॅथलिक मैत्रीण म्हणते की ज्ञान हे पवित्र आत्म्याचे दान आहे. आपल्यात तसे मानतात का?

हो. यशया ११:२ मधून आलेल्या सात दानांत ते पहिले, आणि त्यांच्याकडे दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या, वेळी या दानांची आठवण केली जाते. आपल्याकडे तशी सातांची यादी म्हणत नाहीत, पण १ करिंथ १२:८ मधले ज्ञानाचे वचन आपणही दानच मानतो. त्यांच्या बायबलात शलमोन राजाच्या नावाचा ज्ञानग्रंथ आणि सिराखचा ग्रंथ हे आणखी दोन आहेत. तिच्याकडून घेऊन वाचा, चांगले आहेत.

१२. शलमोनाला ज्ञान देवानेच दिले, मग तो घसरला कसा?

गिबोनात त्याने काय मागितले ते नीट वाचा (१ राजे ३). तो म्हणाला, मी लहान मूल आहे, मला ऐकणारे मन दे. इब्रीत शब्दशः तसेच आहे, ऐकणारे मन. अकराव्या अध्यायात तो म्हातारा आहे, आणि तोपर्यंत त्याचे मन दुसरीकडे वळले आहे. देव त्याला दोनदा दर्शन देऊनही तो ऐकत नाही. दान काढून घेतले असे कुठे लिहिलेले नाही. त्याची नीतिसूत्रे आजही खरी आहेत. फक्त ऐकणे थांबले होते.

१३. ख्रिस्ती नसलेल्यांकडे देवाचे ज्ञान असू शकते का? तुकोबांचे अभंग वाचले तर चालतील का?

क्रुसाचे ज्ञान ख्रिस्ताशिवाय नाही, ही माझी श्रद्धा आहे आणि ती मी लपवत नाही. पण सत्याचा कण जिथे असेल तिथे तो देवाचाच आहे. मोशेला लोकांचा कारभार वाटून द्यायचा सल्ला दिला इथ्रोने, मिद्यानी याजकाने, आणि मोशेने तो मानला. नीतिसूत्रे २२ ते २४ मधला काही भाग आमेनेमोपे या मिसरी माणसाच्या उपदेशाशी इतका जुळतो की योगायोग म्हणता येत नाही. पौलाने अथेन्सात ग्रीक कवीची ओळ घेतली.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ओलांडून आल्यावर त्यांनी तो पूल जाळला नाही. त्याच चालीत ते अभंग लिहीत राहिले आणि दर रविवारी आपण ते गातो. तेव्हा वाचा. पारखून वाचा (प्र. १०), पण वाचा.

१४. येशू "ज्ञानाने वाढत गेला" असे लूक २:५२ म्हणतो. तो देव असेल तर वाढेल कसा?

मंडळीने इ.स. ४५१ मध्ये खल्केदोनच्या सभेत उत्तर दिले : तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन स्वभाव, गल्लत नाही आणि फारकतही नाही. पूर्ण माणूस म्हणजे मेंदूसकट. त्याने अक्षरे गिरवली असतील, योसेफाने रंधा धरायला शिकवला असेल. मंदिरात बारा वर्षांचा येशू गुरूंचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत बसला होता, हे त्याच अध्यायात आहे. देवाच्या पुत्राने प्रश्न विचारले. प्रश्न विचारणाऱ्या मुलांना गप्प बसवताना हे आठवावे.

१५. नीतिसूत्रे ८ मध्ये ज्ञान बोलते. तो ख्रिस्तच का? मग "मला उत्पन्न केले" कसे?

तिथे ज्ञान स्त्रीरूपात चौकात उभे राहून हाका मारते. ती काव्याची रीत आहे. पौल ख्रिस्ताला देवाचे ज्ञान म्हणतो, म्हणून मंडळीने फार पूर्वीपासून दोन्ही जोडून वाचले. आठव्या अध्यायाच्या २२व्या वचनावरून चौथ्या शतकात मोठा वाद झाला. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याच्या बरोबरीचा देव नाही असे शिकवणाऱ्या एरियस या धर्मगुरूच्या बाजूचे म्हणत, पाहा, पुत्र उत्पन्न केलेला आहे. मूळ इब्री क्रियापद "काना" मिळवणे, धनी असणे असाही अर्थ देते, ग्रीक भाषांतरात मात्र "उत्पन्न केले" असे होते. निकेयाच्या सभेने ३२५ मध्ये ठरवले : पुत्र जन्मलेला आहे, उत्पन्न केलेला नाही. माझा सल्ला, या एका काव्यपंक्तीवर सिद्धान्ताचा सगळा भार टाकू नका. त्यासाठी योहान १ आणि कलस्सै १ आहेत.

१६. ईयोबाच्या मित्रांचे बोलणे तर बरोबर वाटते. देव त्यांच्यावर का रागावला? आणि पौल त्यांचेच वचन कसे देतो?

हा प्रश्न पहिल्यांदा एका आठवीतल्या मुलाने विचारला आणि मला घरी जाऊन शोधावे लागले. खरे आहे. "तो ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात पकडतो" हे १ करिंथ ३:१९ मधले वचन ईयोबाचा मित्र अलीफज याचे आहे, ईयोब ५:१३. आणि याच अलीफजाला देव शेवटी म्हणतो की तू माझ्याविषयी योग्य बोलला नाहीस.

वाक्य खरे होते. चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी सांगितले. दहा मुले गाडलेल्या, अंगभर फोड आलेल्या, राखेत बसलेल्या माणसाला अलीफज सांगत होता की तू काहीतरी केलेच असशील. देवाविषयीचे खरे वाक्य त्याने मित्राला दगडासारखे मारले. पौलाने तेच वाक्य उचलले आणि गर्विष्ठ करिंथकरांपुढे ठेवले, जिथे ते ठेवायला हवे होते.

त्या मित्रांनी आधी एक गोष्ट चांगली केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी अवाक्षर काढले नाही. आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना सांगतो की ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. ईयोबाने ती केली.